टॉड्री म्हणजे नुसतं स्वस्त नव्हे

अरे, तू भाषांतरात इंग्रजी 'टॉड्री'ला (tawdry) सरळ 'स्वस्त' लिहिलंयस ना, ते आधी बदल. टॉड्री म्हणजे वरून झगमगीत पण मालात दम नाही, भपकेबाज आणि हलकं. मी एकदा गावच्या फेस्ताच्या फेरीत, म्हणजे जत्रेत, सोनेरी माळ घेतलेली, घरी येईपर्यंत घामाने गळ्याला हिरवा डाग, ती टॉड्री. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली मातीची मडकी स्वस्त असली तरी टॉड्री नाहीत, चांगला माल आहे तो, तसल्या मालाला इंग्रजीत लिहिताना 'इनएक्सपेन्सिव्ह' लिही, 'चीप' लिहिलंस तर लोक कमी प्रतीचं समजतात.

शब्द आलाय पण जत्रेतूनच, इंग्लंडात ईलीची संत ऑड्री, 679 साली गेली, गळ्याला गाठ झालेली आणि तरुणपणी हार घातले त्याचीच ही शिक्षा असं ती म्हणायची म्हणे, तर तिच्या जत्रेत गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकायचे, सेंट ऑड्रीज लेस, बोलता बोलता झालं टॉड्री लेस, पुढे फिती हलक्या यायला लागल्या आणि शब्दाचीच पत गेली.

लफड्यालाही टॉड्री म्हणतात हां, तिथे मला 'हिणकस' बरा वाटतो.