तीन ‘यशस्वी’ लिटर म्हणजे नेमकी किती वर्षं?

प्रश्न: आम्ही सांगलीत गावभागात राहतो. पुण्याच्या एका ब्रीडरने गोल्डन रिट्रीव्हरची पाच महिन्यांची मादी ‘गार्डियन होम’ म्हणून, म्हणजे सांभाळ आमचा पण मालकी ब्रीडरची अशा पद्धतीने, आमच्याकडे ठेवायची तयारी दाखवली आहे. किंमत नाही, पण १५,००० रुपये डिपॉझिट मागितलं, ते मी फोनवरून पाठवलं. चार पानांच्या कराराची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली, तिला ‘चालेल’ असं उत्तर दिलं. कलम ७ म्हणतं, ‘तीन यशस्वी लिटर झाल्यावर मालकी पालक कुटुंबाकडे वर्ग होईल.’ (लिटर म्हणजे कुत्रीचं एक वेत.) कलम ११ प्रमाणे परवानगीशिवाय नसबंदी केली तर दोन लाख रुपये दंड. पत्ता बदलायचा नाही, आणि वाद पुण्याच्या न्यायालयात, असंही आहे. रविवारी सही करून पिल्लू आणायचं आहे. मुलीचा त्याच्यावर आत्ताच जीव जडला आहे. सही करू का? कुत्री शेवटी आमचीच होईल ना?

उत्तर: ताई, रविवारी सही करू नका आणि पिल्लूही आणू नका. कलम ७ मध्ये एक तारीख पडली तर पुढे जा. ती पडत नसेल तर हा व्यवहार तुमच्या कामाचा नाही.

कराड, विटा, मिरज इथूनही याच आशयाची पत्रं येतात आणि प्रत्येकात खाणं-औषधाचा खर्च कोणी करायचा यावर पानभर मजकूर असतो. तो भाग महत्त्वाचा आहे, पण निर्णायक नाही. निर्णय ठरतो तो ‘यशस्वी’ या एका शब्दावर. तुमच्या पीडीएफमध्ये त्याची व्याख्या नाही. किती पिल्लं जगली म्हणजे यशस्वी? चार? सहा? आठ आठवड्यांपर्यंत जगलेली, की विकली गेलेली? व्याख्या नसेल तर ती ठरवणार ब्रीडर, आणि तीही लिटर झाल्यानंतर.

आपल्या भागात शेळी अर्धलीने पाळायला देण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. शेळी मालकाची, चारा-राखण पाळणाऱ्याची, करडं निम्मी निम्मी. पाळणाऱ्याची मजुरी प्रत्येक वेताला त्याच्या हातात पडते. गार्डियन होममध्ये तसं नाही. पिल्लं सगळी ब्रीडरची, आणि तुमच्या चार-पाच वर्षांच्या राखणीची मजुरी म्हणजे शेवटी मिळणारी मादी. ती कधी मिळणार हे लिहिलेलं नसेल, तर मजुरीचा दिवसच ठरलेला नाही. अशी मजुरी कोणी पत्करेल का?

कायदाही या बाबतीत मालकाच्या बाजूचा आहे. तोपर्यंत ती मादी तुमच्याकडे ‘निक्षेप’ म्हणून असते, म्हणजे दुसऱ्याची वस्तू राखायला घेतलेली. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १६३ खाली उदाहरणच दिलं आहे: गाय राखायला दिली आणि ती व्याली, तर गाय आणि वासरू दोन्ही परत करायचं. करारात वेगळं काही लिहिलेलं असेल तरच अपवाद. ‘एखादं पिल्लू देतील की’ अशी तोंडी आशा असेल तर ती आत्ताच सोडा, नाहीतर कोणत्या लिटरमधलं, नर की मादी, निवड कोणाची, हे लिहून घ्या.

आता हिशेब करू. केंद्र सरकारचे श्वान प्रजनन व विक्रीचे नियम २०१७ सालचे आहेत. मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत तिचं मेटिंग (नराशी जोडणी) करता येत नाही. वर्षाला एकच लिटर, आयुष्यात पाचच्या वर नाही, आणि आठ वर्षांनंतर ब्रीडिंग बंद. तुमची मादी आज पाच महिन्यांची आहे. अठरा महिन्यांनंतरची पहिली हीट (माज) पकडली, गर्भ राहिला, त्रेसष्ट दिवसांनी व्याली, तर पहिलं लिटर साधारण वीस ते सव्वीस महिन्यांच्या वयात. दरवर्षी एक धरलं तर तिसरं होईपर्यंत ती चार वर्षांच्या आसपास. हे काहीही चुकलं नाही तर. पण चुकतंच. गर्भ राहत नाही, मेटिंगचा दिवस हुकतो, एक-दोनच पिल्लं होतात. हीट पुन्हा येते ती सहा-आठ महिन्यांनी. दोनदा असं झालं आणि एखादं लिटर ‘यशस्वी नाही’ ठरलं, की मालकी साडेपाच-सहा वर्षांवर जाते. ब्रीडरने ताणायचं ठरवलं तर तुमच्या कलम ७ प्रमाणे तो थेट आठ वर्षांपर्यंत ताणू शकतो. गोल्डन जगतं ते साधारण दहा ते बारा वर्षं.

म्हणून कलम ७ असं लिहून घ्या: ‘तीन लिटर पूर्ण होणे किंवा मादीच्या वयाची पाच वर्षे पूर्ण होणे, यांपैकी जे आधी घडेल त्या दिवशी मालकी कोणत्याही अटीशिवाय पालक कुटुंबाकडे जाईल. एक पिल्लू जिवंत जन्मले तरी लिटर मोजले जाईल. दुसरे सिझेरियन झाल्यास तेच शेवटचे लिटर. गर्भ न राहिल्यास किंवा हीट चुकल्यास मुदत वाढणार नाही. मुदत संपताना मादी गाभण असेल किंवा पिल्लं अंगावर असतील, तर पिल्लं आठ आठवड्यांची झाल्यावर मालकी जाईल.’ पाच वर्षं कधी पूर्ण होतात ती तारीख जन्मतारखेवरून काढून अंकात आणि अक्षरात लिहा. ब्रीडर घासाघीस करेल. त्याला साडेपाच वर्षं हवी असली तर द्या, लिटर मोजण्याची त्याची व्याख्या हवी असली तरीही चालेल. तारखेवर मात्र हटू नका. तारीख असली की बाकीच्या शब्दांचा वाद आपोआप बोथट होतो.

तारखेवर एवढा जोर का, तर आपल्या न्यायालयांचा वेग. समजा सहाव्या वर्षी तुम्ही मालकीसाठी दावा लावला. समन्स बजावणी, कैफियत, मुद्दे, पुरावा, आणि प्रत्येक टप्प्यावर तारखा. निकाल लागेपर्यंत कुत्री म्हातारी झालेली असेल. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच २०२५ मध्ये सुरू झालं, आता सगळं लवकर होईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. असा दावा सुरू होतो तो खालच्या दिवाणी न्यायालयात, आणि तिथली रांग त्याने तसूभरही कमी झालेली नाही. शिवाय तुमच्या मसुद्यात न्यायालय पुण्याचं आहे. सांगली-पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, प्रत्येक तारखेला एक दिवस आणि वकिलाची फी. मादी सांगलीत राहणार, म्हणून ‘सांगली येथील न्यायालय’ लिहा असा आग्रह धरा. मिळेलच असं नाही, पण मागायला हवं.

कलम ११ मात्र जसंच्या तसं कधीही स्वीकारू नका. नसबंदी न झालेल्या मादीला हीटनंतर काही आठवड्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. मादी एकाएकी भरपूर पाणी प्यायला लागते, खाणं सोडते, उलट्या करते, मलूल पडते. कधी मागून घाण स्राव येतो, कधी गर्भाशयाचं तोंड बंद असतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. तो प्रकार जास्त धोक्याचा. खात्रीचा इलाज म्हणजे गर्भाशय काढणं, म्हणजेच नसबंदी, आणि तीही तासांच्या हिशेबात. रात्री अकरा वाजता डॉक्टर टेबलावर घ्यायला तयार आहेत, ब्रीडर फोन उचलत नाही, आणि डोक्यावर दोन लाखांचं कलम टांगलेलं. त्या वेळी तुम्ही काय करणार? करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय दंडाचा आकडा डोळे मिटून देत नाही, वाजवी भरपाई तेवढीच देतं, आणि ती आकड्याच्या वर जात नाही. पण वाजवी काय हे कळायला पुन्हा दावाच लढावा लागेल. त्यापेक्षा एक ओळ घाला: ‘नोंदणीकृत पशुवैद्यकाने जीव वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया आवश्यक असल्याचे लेखी दिल्यास, फोन व संदेश करूनही दोन तासांत उत्तर न आल्यास, परवानगी लागणार नाही व दंड लागू होणार नाही, मादी तेव्हापासून पालक कुटुंबाची.’ शेवटचे चार शब्द ब्रीडर काढायला लावेल. आधीचे सोडू नका.

पत्ता न बदलण्याच्या अटीचा तुम्ही नुसता उल्लेख करून सोडून दिला आहे. गावभागात राहून ती जास्त खटकायला हवी होती. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा लोकांना घाईघाईने घरं सोडावी लागली. अशा वेळी कुत्रीला मिरजेच्या नातेवाइकांकडे नेलं तर तो करारभंग, असं तुमचा मसुदा म्हणतो. ‘पूर, आग वा वैद्यकीय कारणाने तात्पुरते हलवल्यास ४८ तासांत कळवणे पुरेसे’ एवढं घाला.

आता तुम्ही करून बसलेल्या गोष्टींकडे. चार पानं नीट न तपासता ‘चालेल’ लिहिणं आणि त्याआधी पैसे पाठवणं, या दोन्ही चुका आहेत, आणि त्या निस्तरायला वेळ थोडा आहे. ‘सही केली नाही म्हणजे करार झाला नाही’ ही समजूत डोक्यातून काढा. इलेक्ट्रॉनिक संदेशांतून झालेला करार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ प्रमाणे केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही. शिवाय अटीप्रमाणे पैसे भरणं हीसुद्धा करार कायद्याच्या कलम ८ खाली संमती मानली जाऊ शकते. पीडीएफच्या शेवटच्या पानावर ‘दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्यावर अंमलात येईल’ अशा अर्थाचं वाक्य आहे का, ते आज पाहा. असेल तर तुम्ही बऱ्यापैकी मोकळ्या आहात. नसेल तर प्रश्न वादाचा आहे. दोन्ही परिस्थितीत आजच, त्याच व्हॉट्सॲपवर लिहा: ‘माझे “चालेल” हे मसुदा मिळाल्याची पोच होती. कलम ७, ११, पत्त्याची अट व न्यायालयाचे कलम यांत सोबतच्या दुरुस्त्या होऊन सह्या झाल्याशिवाय करार अंतिम नाही, आणि तोपर्यंत मी मादीचा ताबा घेणार नाही.’ चॅट पुसू नका, एक्सपोर्ट करून ठेवा. पिल्लू घरात आलं की हे सगळं मागणं दुबळं होतं, कारण मग तुम्ही ते परत करणार नाही हे ब्रीडरला ठाऊक असतं.

त्याच संदेशात त्यांचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. केनेल क्लब ऑफ इंडियाचा वंशावळीचा कागद ही वेगळी गोष्ट, तो दाखवून नोंदणीचा प्रश्न सुटत नाही. आणि नियमांतल्या ‘आस्थापने’त ब्रीडिंगसाठी कुत्री ठेवलेलं घरही येऊ शकतं, म्हणून तुमचं घर त्यांच्या नोंदणीत दाखवणार आहेत का, हेही लेखी विचारा. याचं उत्तर टाळलं तर तिथेच थांबा. नोंदणी नसलेल्या ब्रीडरशी केलेला करार न्यायालयात कितपत टिकेल हे प्रकरणावर अवलंबून राहील. माहीत असून तुम्ही सामील झालात तर तुमची बाजूही पातळ होते.

खर्चाचं थोडक्यात. करारात काहीच नसेल आणि तुम्ही मोबदला घेत नसाल, तर आवश्यक खर्च मालकाने भरून द्यावा असं कलम १५८ सांगतं, पण बहुतेक मसुदे खाणं आणि नेहमीचं लसीकरण पालकांवर टाकून ते बाजूला सारतात. ते मान्य करायला हरकत नाही. पूर्ण वाढलेली गोल्डन मादी दिवसाला तीनशे-साडेतीनशे ग्रॅम कोरडं खाणं खाते, म्हणजे महिन्याला दहा किलोच्या आसपास. ब्रीडिंगमुळे येणारं मात्र सगळं ब्रीडरचं: हिप एक्स-रे, ब्रुसेला या संसर्गाची तपासणी, मेटिंगचा दिवस काढायच्या प्रोजेस्टेरॉन चाचण्या, सिझेरियन, बाळंतपणानंतरची गुंतागुंत आणि पुण्याला ने-आण. चावली तर? भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ ‘ताब्यातील’ प्राण्याबद्दल बोलतं, मालकीच्या नव्हे. तिथे जबाबदारी तुमची.

घरातल्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी, विशेषतः मुलीने. हीटमध्ये रक्तस्राव सुरू झाल्यावर पाचव्या-सातव्या दिवसापासून दोन-तीन दिवसांआड रक्त तपासून मेटिंगचा दिवस काढतात, त्यासाठी मादी दहा-पंधरा दिवस पुण्यात राहील. पुन्हा विण्याच्या आठवडाभर आधी जाईल ती पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत. एका लिटरमागे साधारण अडीच महिने ती घरात नसेल. हे झेपणार नसेल तर सरळ पैसे मोजून पिल्लू विकत घ्या. महाग वाटेल, पण पहिल्या दिवसापासून ते तुमचं.

दुरुस्त्या मान्य झाल्या तर करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प पुरत नाही, आणि अपुऱ्या मुद्रांकाचा कागद दंड भरल्याशिवाय पुराव्यात वाचला जात नाही. नोटरीच्या शिक्क्याने वाईट कलम चांगलं होत नाही हेही लक्षात असू द्या. करारात मायक्रोचिपचा पंधरा अंकी क्रमांक लिहा आणि पिल्लू घेताना डॉक्टरांकडून स्कॅन करून तोच क्रमांक येतो का ते पाहा. डिपॉझिट कशाचं, कधी आणि किती परत, हे एका वाक्यात लिहून घ्या, कारण तुम्ही पाठवलेल्या पैशांवर आज ‘डिपॉझिट’ या शब्दापलीकडे काहीच नाही. ब्रीडरने दुरुस्त्या नाकारल्या तर पंधरा दिवसांची मुदत देऊन ते पैसे लेखी परत मागा. तोपर्यंत नवा रुपया पाठवू नका.