परिपूर्ण संख्या शोधतोयस? वर्गमूळाशी थांब

१ ते १०००० मधल्या परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच येणाऱ्या संख्या, प्रोग्रामने शोधायच्यात ना? मग प्रत्येक संख्येला तिच्या निम्म्यापर्यंत भागत बसू नकोस. भाजकाचा वर्ग संख्येहून मोठा झाला की लूप (भाग देऊन बघण्याची फेरी) तोड. २८ घे: २ ने भाग गेला की १४ फुकटात मिळाला, ४ सोबत ७. वर १ मिळव, झाले २८. फक्त ३६ सारख्या वर्गसंख्येत ६ दोनदा धरला जातो, तिथे अट हवीच. उत्तर ६, २८, ४९६, ८१२८. यादीत १ घुसला तर सुरुवात २ पासून कर. पाचवी थेट ३३५५०३३६! तिच्यासाठी पायथॉनमध्ये हाच लूप चर्चगेटला चालू केलास तर लोकल विरारहून परत फिरेल, तरी हा चालूच. त्यापेक्षा याच कोडने २२० आणि २८४ तपास. एकीच्या, तिला स्वतःला सोडून, विभाजकांची बेरीज दुसरी येते.