सरकत्या प्लेटसीमेवरचा लाव्हा त्याच्या रसायनावरून ओळखता येतो का?

तुम्ही शिरपूरहून विचारलंय: कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियाससारख्या सीमेवर पृथ्वीच्या कवचाच्या दोन प्लेट नुसत्या एकमेकींना घासत सरकतात, कुठलीच खाली बुडत नाही, मग तिथे ज्वालामुखी खडक कुठून आले? ते रसायनावरून कसे ओळखायचे? आणि आपल्या तापीकाठच्या दगडात तसं काही आहे का?

मी धुळ्याचा, भूशास्त्र शिकवतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. अहिराणीत आपण ज्याला काया दगड म्हणतो तो बेसाल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, प्लेटच्या सीमेपासून दूर, खंडाच्या पोटातून आलेला. पण त्याचं रसायन मात्र तुमच्या प्रश्नाला थेट भिडतं, ते पुढे सांगतो.

नुसत्या सरकण्याने मँटल (म्हणजे कवचाखालचा तापलेला, घट्ट खडक) वितळत नाही, हे तुमचं बरोबर आहे. कॅलिफोर्नियात मात्र त्या सीमेआधी एक प्लेट खंडाखाली बुडत होती, फॅरॅलॉन. सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी पॅसिफिक प्लेट खंडाला येऊन टेकली, तिथे बुडणं थांबलं आणि खाली खिडकीसारखी मोकळी जागा पडली. तिच्यातून गरम मँटल वर आलं, दाब कमी झाला तसं वितळलं. सीमा उत्तरेकडे वाढत गेली, तसे ज्वालामुखीही उत्तरेकडे नवे होत गेले. सोनोमाचे खडक 80 ते 25 लाख वर्षांपूर्वीचे, त्याच्या उत्तरेचं क्लिअर लेक 21 लाखांपासून अगदी 10 हजार वर्षांपूर्वीपर्यंतचं.

आता रसायन. बुडणाऱ्या प्लेटमधून गरम पाणी सुटतं. बेरियम, स्ट्रॉन्शियम, शिसं त्याच्यासोबत वर जातात. नायोबियम, टँटलम, टायटॅनियम रुटाइलसारख्या खनिजात अडकून खालीच राहतात. म्हणून अशा लाव्ह्यातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण ओळीने मांडलेल्या आलेखात नायोबियमपाशी खड्डा दिसतो. लँथॅनमच्या प्रमाणाला नायोबियमच्या प्रमाणाने भागा: समुद्रतळाच्या बेसाल्टमध्ये उत्तर 1 च्या आसपास येतं, बुडत्या सीमेवर बहुधा 2 च्या वर. खिडकीतून आलेल्या ताज्या मँटलच्या लाव्ह्यात हा खड्डा नसतो. पण खंडाखालचं जुनं मँटल आधीच्या त्या पाण्यात कोट्यवधी वर्षं मुरलेलं असतं. तेही वितळलं की लाव्ह्यात खड्डा येतो, आता बुडणारी प्लेट उरलेली नसली तरी! सरकत्या सीमेवर हे दोन्ही प्रकार एकाच पट्ट्यात मिळतात, आणि माझ्या मते तीच त्या सीमेची खरी खूण आहे. एकट्या नमुन्यावरून सीमा ठरवायला जाल तर चुकाल. आधी वय, मग जागा, मग आलेख.

इथेच आपला दगड कामाला येतो. दख्खनच्या थरांत बुशे नावाचा एक थर आहे. त्यातही नायोबियमचा खड्डा आहे, आणि तिथे त्या वेळी बुडणारी प्लेट कुठेच नव्हती! झालं असं, की वर येताना लाव्ह्याने खंडाचं जुनं कवच खाल्लं. पुरावा स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांत, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंत आहे: स्ट्रॉन्शियम-87 च्या प्रमाणाला स्ट्रॉन्शियम-86 च्या प्रमाणाने भागलं की बुशेत 0.713 पासून वर आकडे येतात (जुन्या कवचात हा आकडा मोठा असतो), तर दख्खनच्याच आंबेनळी नावाच्या, कवच न मिसळलेल्या स्वच्छ थरात 0.704 च्या आसपास. नायोबियमचा खड्डा दिसला की लगेच प्लेट बुडवू नका, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो.

हात काळे करायचे असतील तर साक्री–नंदुरबारकडे जा. तिथे शेताच्या कडेला डाइक, म्हणजे भेगेत गोठलेल्या लाव्ह्याचे पट्टे, भिंतीसारखे उभे आहेत, काही कित्येक किलोमीटर लांब. कडेचा दगड इतका बारीक असतो की स्फटिक डोळ्याला दिसत नाहीत, मधला मात्र भरड. नमुना मधला घ्या. तांबूस साल आणि पोकळीत भरलेलं पांढरं झिओलाइट खनिज छिनीने पूर्ण उडवा, काळा निळसर गाभाच उरला पाहिजे. आणि दळायला अकीकाचंच भांडं मागा. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यातून टँटलम दगडात उतरतो. माझे पहिले 6 नमुने त्यामुळेच वाया गेले. ज्या मूलद्रव्याचा खड्डा शोधत होतो, तेच भांड्याने भरून टाकलं होतं.