मुलांचे चित्रपट कसे पारखावेत?

प्रश्न : आमचे मुलगे 9 आणि 13 वर्षांचे आहेत. एखादा चित्रपट ख्रिस्ती कुटुंबाला साजेसा आहे की नाही, हे केवळ प्रमाणपत्रावरून ठरवावे का?

उत्तर : प्रमाणपत्रावरून हिंसा, नग्नता व शिवराळ भाषा यांचा अंदाज येतो, परंतु कथेत सूडाचा गौरव आहे की क्षमेचा, हे कळत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) फिलिप्पैकरांस पत्रातील 4:8 हे वचन जे सत्य, न्याय्य व शुद्ध आहे त्याचे मनन करण्यास सांगते. तथापि पाप दाखवणारी प्रत्येक कथा त्यामुळे वर्ज्य ठरत नाही, कारण दाविद राजाचे व्यभिचार व हत्येच्या पापातील पतन पवित्र शास्त्रानेही लपवलेले नाही. चित्रपट आधी स्वतः पाहावा, धाकट्याला भीतिदायक दृश्यांपासून जपावे आणि थोरल्याशी नंतर मोकळेपणाने बोलावे.