अमेरिकेत शिकायला गेलेला मुलगा फ्रॅटर्निटीत, म्हणजे तिथल्या विद्यापीठांतल्या मुलग्यांच्या निवडक सदस्य घेणाऱ्या संघटनेत, गेला तर त्याचे विचार बदलतात का?

बदलू शकतात, पण सगळंच खापर फ्रॅटर्निटीवर फोडता येत नाही. ‘रश’च्या, म्हणजे नवे सदस्य निवडण्याच्या, दिवसांत जुने सदस्य आपल्यासारखीच मुलं हेरतात, त्यामुळे बराचसा फरक आत शिरण्याआधीच असतो.

तरी उरलेला परिणाम खरा आहे. यूसीएलएमध्ये (लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) मानसशास्त्रज्ञ जिम सिडानियस आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. २००४ साली त्यांनी मांडलं, की फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी (मुलींची तशीच संघटना) यांतल्या गोऱ्या विद्यार्थ्यांमध्ये ‘आमच्यावरच अन्याय होतो’ ही भावना आणि आंतरवंशीय जोडप्यांना विरोध वाढलेला दिसला. एकाच घरात राहणं, जेवणं, पार्ट्या, सगळं त्याच चाळीस-पन्नास जणांत. वेगळं मत कानावर येणार कुठून?

पण कृष्णवर्णीयांच्या संघटनांची गोष्ट निराळी. १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात सुरू झालेल्या अल्फा फाय अल्फा या कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटीचे मार्टिन ल्यूथर किंग सदस्य होते. तिथे समाजकार्याचं नातं आयुष्यभर टिकतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

म्हणून संघटनेच्या नावावर जाऊ नका, मुलाच्या विद्यापीठातली तिची शाखा कशी आहे ते बघा. रॅगिंगबद्दल कुठल्या शाखांवर कारवाई झाली, ते २०२४ च्या अमेरिकी कायद्यामुळे विद्यापीठांना अहवालात जाहीर करावं लागतं. मुलाने होकार देण्याआधी तो अहवाल जरूर वाचा.