मुलीचं हिमोग्लोबिन वाढत नाही, कारण गोळी दुधाबरोबर जातेय

ताई, तुमची 19 वर्षांची मुलगी ऐरोलीहून रोज ठाण्याला कॉलेजला जाते. हिमोग्लोबिन 9.1 होतं. चार महिने बीटचा रस, पालक, खजूर आणि लोहाची गोळी चालू आहे, तरी परवा रिपोर्टमध्ये 9.4 आलं. "हिची पचनशक्तीच कमी आहे का?" असं तुम्ही विचारलंत. सोबत दिवसभराचं वेळापत्रक लिहिलंत ते फार बरं केलंत, उत्तर बरंचसं त्यातच आहे.

पावणेसातला कपभर दूध आणि गोळी. अकराला डबा, पोळी आणि पालकाची भाजी, त्यावर लगेच कॅन्टीनचा चहा. आणि गोळीने जळजळतं म्हणून ती स्वतःच रोज अ‍ॅसिडिटीची गोळी घेते. नौपाड्यात वीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हे असंच वेळापत्रक मी शेकडो कागदांवर वाचलंय. या मुलींचं पोट बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

भाजी-पोळीतलं लोह जठरात पोचतं तेव्हा तिथल्या आम्लात ते विरघळायला हवं. तिथून अन्न लहान आतड्यात उतरतं. हे आतडं जवळपास 6 मीटर लांब, पण लोह मुख्यतः शोषलं जातं ते अगदी सुरुवातीच्या भागात, ज्याला डॉक्टर ड्युओडेनम म्हणतात. हा भाग जेमतेम 25 सेंटीमीटर. पुढे स्वादुपिंडाच्या रसाने आम्ल मारलं जातं आणि लोहाचा साका धरू लागतो. ठाण्याहून निघालं आणि ऐरोलीला उतरायचं राहिलं, तर गाडी रबाळे, घणसोली करत वाशीकडे जाते, तसंच हे. फक्त लोहाला परतीची गाडी नसते, ते शौचावाटे जातं.

आता तिचा दिवस यावर ठेवून बघा. दुधातलं कॅल्शियम लोहाला त्याच जागी अडवतं. चहातली टॅनिनं त्याला धरून ठेवतात, जेवणाबरोबरच्या एका कपाने शोषण निम्म्याच्याही खाली येऊ शकतं. आणि अ‍ॅसिडिटीची गोळी आम्लच कमी करते, म्हणजे लोह विरघळायचीच अडचण. ती गोळी रोज महिनोन्‌महिने घेतली तर बी-12 सुद्धा कमी पडू शकतं, कारण अन्नातलं बी-12 सुटं व्हायलाही आम्ल लागतं. ती डॉक्टरांना विचारूनच चालू ठेवा किंवा थांबवा.

बीटबद्दल मला नेहमी वाईट वाटतं. लाल रंगामुळे आया मोठ्या विश्वासाने रोज रस काढतात, पण 100 ग्रॅम बीटमध्ये लोह 1 मिलिग्रॅमच्या आसपासच. पालकात त्यापेक्षा जास्त आहे, पण त्यातलं फार थोडं अंगी लागतं. बीट आवडत असेल तर खाऊ दे, औषध म्हणून नको.

माझ्या घरात मी काय करते ते सांगते. मटकी रात्री भिजवते, सकाळी फडक्यात बांधते, दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराएवढे मोड येतात. कडधान्यात फायटेट असतं, तेही लोह धरून ठेवतं. भिजवण्याने आणि मोड आणण्याने ते बरंच कमी होतं. उसळ लोखंडी कढईत करते, आमसूल घालते, आणि लिंबू पिळायचं ते ताटात वाढल्यावर, कारण क जीवनसत्त्व उकळीत टिकत नाही. डब्याबरोबर लिंबाची फोड वेगळी द्या, नाहीतर पेरू द्या, त्यात क जीवनसत्त्व भरपूर. तुम्ही मासे-मटण खात असाल तर तेही द्या. त्यातलं लोह सहज शोषलं जातं आणि त्याच जेवणातल्या भाजीचं लोहही जास्त शोषलं जातं. चहा बंद करायला लावू नका, जेवणानंतर निदान तासभराने घेऊ दे.

गोळी सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. दूध दोन तासांनी. जळजळलं तर थोडं खाऊन घेऊ दे, पण ते दूध-बिस्किट नको. शौच काळी होईल, घाबरू नका. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी घ्यायला मला सांगितलं होतं, सातव्या महिन्यापर्यंत माझं हिमोग्लोबिन 9 च्या वर गेलं नाही. वेळा वेगळ्या केल्यावर वाढलं. ते महिने मी विसरलेले नाही, म्हणून इतकं खोलात लिहितेय.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. लोह शरीरातून बाहेर टाकायची सोय आपल्याकडे नाही, म्हणून सगळा पहारा आत येण्याच्या दारावरच असतो. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि आतड्याचं दार ओढून घेतं. मोठी गोळी घेतली की ते दार साधारण दिवसभर अर्धवट मिटलेलं राहतं. म्हणून काही डॉक्टर हल्ली एकाआड एक दिवस गोळी देतात. मात्र स्वतःहून असं करू नका, त्यांना विचारा.

आणि पाळीचं मोकळेपणाने बोला. 1 मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, आणि शरीर अन्नातून दिवसाला साधारण 1 ते 2 मिलिग्रॅमच आत घेतं, म्हणजे रक्त जास्त जात असेल तर खाऊन ते भरून निघणं अवघड. पॅड दर एक-दोन तासांनी बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, डबा नंतर बघू.

गोळी नीट घेतली तर चार आठवड्यांत 1 ते 2 ग्रॅमची वाढ दिसायला हवी. नाहीच दिसली तर सीबीसी म्हणजे रक्ताच्या नेहमीच्या तपासणीबरोबर फेरिटिन करा, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. रिपोर्टमध्ये एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) फार कमी आणि फेरिटिन मात्र चांगलं असेल, तर थॅलेसेमिया मायनर हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष आहे का यासाठी एचपीएलसी ही रक्ततपासणी विचारा, कारण त्यात लोह देऊन उपयोग होत नाही. जंत, सिलियाक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार), जठराची सूज हेही डॉक्टर बघतील. आकडा 12 वर गेला तरी गोळी तीनेक महिने चालू लागते, साठा भरायला तेवढा वेळ जातो.

जुन्या रिपोर्टमधला एमसीव्ही किती आहे तेवढं इथे लिहा.