एलएलएम करू का, आणि कशात?

या महिन्यात एलएलएमवरच, म्हणजे एलएलबीनंतरच्या कायद्याच्या पदव्युत्तर पदवीवरच, इतकी पत्रं आलीत की भाडेकरू, सोसायटीचं पार्किंग आणि सातबाऱ्यावरची नावं सगळं पुढच्या अंकात ढकललंय, रागावू नका.

प्रश्न : मॅडम, मी 25 वर्षांची. बीकॉमनंतर नाशिकलाच तीन वर्षांचं एलएलबी केलं, सनद मिळून दीड वर्ष झालं. जुन्या सीबीएसजवळच्या कोर्टात एका सिनियरांकडे ज्युनियर आहे, म्हणजे तारखा घेणं, झेरॉक्स आणि कधीतरी एखादा अर्ज ड्राफ्ट करणं. आयपीआरमध्ये (पेटंट, ट्रेडमार्क असे बौद्धिक संपदेचे हक्क) एलएलएम करायचं मनात आहे, पण सगळे म्हणतात नाशकात आयपीआरला कोण विचारतंय, क्रिमिनल घे. पप्पा म्हणतात आधी जेएमएफसी (कनिष्ठ स्तर न्यायाधीशाची परीक्षा) दे. आमची द्राक्षबाग आहे. परवा पप्पांनीच विचारलं की शेजाऱ्याच्या बागेतल्या नव्या परदेशी जातीच्या काड्या आणून कलम केलं तर केस होते का. मला उत्तर देता आलं नाही, लाज वाटली. काय करू? – एक वाचक, दिंडोरी

उत्तर : अगं लाज कसली, हाच प्रश्न बार रूममध्ये टाकून बघ, निम्मे लोक चहा ढवळत बसतील.

आधी पप्पांचं बघू. 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. ती बार कौन्सिलकडच्या प्रोव्हिजनल (तात्पुरत्या) नोंदणीपासून मोजतात, आणि किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं सर्टिफिकेट लागतं. तुझं दीड वर्ष झालंय, म्हणजे उरलेलं दीड वर्ष काढल्याशिवाय ती परीक्षा नाहीच, आणि एलएलएमचं वर्ष वकिलीत धरतील या भरवशावर राहू नकोस. जेएमएफसी खरंच द्यायची असेल तर आहे तिथेच टिक आणि एलएलएम नंतर कर. पण पत्र दोनदा वाचलं मी, जेएमएफसी पप्पांना हवीये, तुला नाही, बरोबर ना?

आता ‘नाशकात आयपीआरला कोण विचारतंय’. मागच्या दिवाळीआधी येवल्याचा एक विणकर माझ्या केबिनमध्ये आला, पिशवीतून दोन पैठण्या काढल्या आणि टेबलावर टाकल्या, म्हणाला ताई ओळखा. मला काय ओळखतंय, रंग एक, मोर एक. मग त्याने दोन्ही पदर उलटे केले. त्याच्या हातमागाच्या पैठणीची उलटी बाजू सुलटीसारखीच स्वच्छ, आणि दुसरीला मागून नुसते धागे लोंबतायत, पॉवरलूमची होती ती, आणि दुकानात पैठणी म्हणूनच विकायला ठेवलेली. पैठणीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालालाच ते नाव राखून ठेवणारं भौगोलिक मानांकन, आहे हे त्याला माहीत होतं, पण त्या जीआयखाली स्वतःची ‘ऑथराइज्ड यूझर’ (अधिकृत वापरकर्ता) म्हणून नोंद करून घ्यावी लागते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ती असती तर त्याला स्वतःच्या नावावर दावा ठोकता आला असता. आता मोज आपल्याकडे काय काय आहे, नाशिकची द्राक्षं, नाशिक व्हॅली वाइन, लासलगावचा कांदा, येवल्याची पैठणी, सगळ्यांना जीआय आहे आणि तो नीट वापरून देणारा वकील शोधावा लागतो. ट्रेडमार्कच्या दाव्याला मुंबई गाठायलाच पाहिजे असंही नाही, कलम 134 प्रमाणे तो जिल्हा न्यायालयात चालतो आणि वादीचा धंदा नाशकात असेल तर नाशकातच लावता येतो. क्रिमिनलला काम जास्त आहे हे खरं, 1 जुलै 2024 पासून तिन्ही फौजदारी कायदे नवीन आल्यामुळे शिकण्यासारखंही भरपूर आहे, पण लोक म्हणतात म्हणून घेऊ नकोस, एवढंच.

एक खड्डा मात्र आत्ताच दाखवते, कारण प्रॉस्पेक्टसमध्ये तो दिसत नाही. तुझं बीकॉम आहे. पेटंट एजंटच्या परीक्षेला सायन्स, इंजिनिअरिंग किंवा टेक्नॉलॉजीची डिग्री लागते, आयपीआरमध्ये एलएलएम केलंस तरी ती अट सुटत नाही. कोर्टात पेटंटची केस तू लढू शकतेस, ट्रेडमार्कचं रजिस्ट्रेशन वकील म्हणून करू शकतेस, पण पेटंटचे अर्ज भरायचा धंदा डोक्यात असेल तर तो काढून टाक.

आणि आता पप्पांच्या काड्या. मला विचारशील तर तुझं एलएलएम तिथेच पडलंय. वाणांचे हक्क पेटंटमध्ये नाहीत, 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात आहेत. त्यात वेलींना नोंदणीपासून 18 वर्षांपर्यंत संरक्षण आहे, बाकी बऱ्याच पिकांना 15. कलम 39 शेतकऱ्याला बियाणं ठेवायला, पेरायला, एकमेकांना द्यायला आणि विकायलासुद्धा मोकळीक देतं, फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. पण द्राक्ष कोण बी लावून करतं, आपण काडी आणतो, कलम करतो. मग काडी म्हणजे ‘बियाणं’ का? व्याख्येत नुसतं बी नाही, ज्यातून त्याच जातीचं झाड उभं राहतं असा भागही धरलाय, म्हणजे पप्पांच्या बाजूने बोलायला जागा आहे. समोरचा म्हणेल की वाण इथे नोंदलेलं आहे, रोपं करारावर दिलीत, करारात काडी बाहेर द्यायची नाही असं लिहिलंय. नोंद आहे का, करारावर सही कुणाची आणि त्याने तिसरा माणूस बांधला जातो का, इथून पुढे सगळा डेझर्टेशनचा (एलएलएमच्या प्रबंधाचा) मामला. तोपर्यंत पप्पांना म्हणावं शेजाऱ्याचा करार बघितल्याशिवाय काडी आणू नका.

डेझर्टेशनवरून आठवलं. माझं दोन वर्षांचं एलएलएम, पहिला आराखडा नेला तर गाइड मॅडमनी शीर्षकावरच लाल पेन ओढलं, ‘भारतातील ट्रेडमार्क कायदा : एक चिकित्सक अभ्यास’ असलं काहीतरी होतं, म्हणाल्या हे पुस्तक झालं, तुझा प्रश्न काय आहे? तीन महिने प्रश्न सापडेना. शेवटी एका जिल्हा कोर्टातले जुने ट्रेडमार्कचे दावे काढून बसले, रेकॉर्ड रूमची धूळ खाल्ली, शिंकून शिंकून जीव गेला, पण दावा नेमका कुठे अडतो ते तिथे कळलं. तुझ्याकडे प्रश्न आधीच आहे, बागेत उभा आहे.

एक वर्षाचं की दोन? एक वर्षाचं बहुतेक नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांमध्ये असतं, आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. क्लॅट पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, डिसेंबरमध्ये होते, 120 प्रश्न, दोन तास, चुकलं की पाव मार्क गेला. यूजीसीच्या आराखड्यात 24 क्रेडिट्स आहेत, तीन सक्तीचे पेपर, सहा ऐच्छिक आणि डेझर्टेशन, म्हणजे मान वर काढायला वेळ नाही. दोन वर्षांचं पुण्याच्या विद्यापीठाकडे. तुझ्या जागी मी दोन वर्षांचं घेतलं असतं, बागेत आणि रजिस्ट्रीत खेटे घालायला वेळ मिळतो. पण पुण्याला राहायचा खर्च दुप्पट, तो हिशोब घरी बसून कर. आणि पुढेमागे शिकवायचं असेल तर 55 टक्क्यांच्या खाली येऊ नकोस, नेटला (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला) खुल्या गटासाठी तेवढे लागतात आणि लॉचे पेपर तपासणाऱ्यांचा हात किती सैल असतो ते तुला माहितीये.

प्रश्न : अंबडला कंपनीत एचआरला आहे, वय 41, एलएलबी झालंय. घरबसल्या ऑनलाइन ‘एक्झिक्युटिव्ह एलएलएम’ची जाहिरात बघितली, लेबर लॉमध्ये. घेऊ का? – सिडको

उत्तर : पैसे भरण्याआधी बार कौन्सिलची मंजुरी मागा, लेखी. 2025 मध्ये कौन्सिलने जाहीर केलंय की मंजुरीशिवाय ऑनलाइन, डिस्टन्स, हायब्रिड कुठल्याही नावाने चालवलेलं एलएलएम मान्य नाही. ते घेऊन उद्या प्राध्यापकी मागायला गेलात तर अडकाल. तुम्हाला डिग्री हवीये की ज्ञान? 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही लेबर कोड (नवे कामगार कायदे) लागू झालेत, तुमच्या कंपनीचे स्टँडिंग ऑर्डर्स (नोकरीच्या अटींचे नियम) आणि पगाराच्या स्लिपा त्यांच्याशी ताडून बघायला घ्या, नोकरीत ते आधी कामाला येईल. डिप्लोमा पुरेल तुम्हाला.

प्रश्न : मुलाला इंग्लंडला एलएलएमला पाठवायचंय, घर तारण ठेवून कर्ज काढू का? तो काही बोलत नाही. – एक वडील, नाशिक रोड

उत्तर : काका, तिकडचं एलएलएम वर्षभराचं असतं आणि परत आल्यावर इथल्या कोर्टात त्याने सनदेत काही भर पडत नाही. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग स्कॉलरशिप आहे, पण तिला दोन वर्षं कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते, तोवर त्याला इथे काम करू द्या. अनुसूचित जातीतले असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघा. घराच्या कागदांना सध्या हात लावू नका. आणि पुढचं पत्र त्याला स्वतःला लिहायला सांगा, कुठला विषय घ्यायचाय आणि का, एवढं एक पानभर.